अंधार पुसायचा नसतो!

फर्स्ट इयरला असताना आमच्या गर्ल्स हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये एका शनिवारी 'सेव्हन' लावला होता. कुणीतरी पेनड्राइव्हवर आणलेली सातशे एमबीची कॉपी, डिपार्टमेंटमधून हातापाया पडून मिळवलेला जुना प्रोजेक्टर, आणि पडदा म्हणजे समोरची पोपडे आलेली भिंत. पिक्चर सुरू होऊन दहा मिनिटं झाली नाहीत तोच मागून आरडाओरडा, "अगं ब्राइटनेस वाढव ना! काही दिसत नाहीये!" वाढवला. "अजून वाढव!" अजून वाढवला. शेवटी तो शंभरावर जाऊन टेकला. काळ्याचा करडा झाला, करड्यावर चौकोन चौकोन उमटायला लागले आणि मॉर्गन फ्रीमनचा चेहरा बाथरूमच्या फरशीसारखा दिसायला लागला. पिक्चर संपल्यावर सगळ्यांचं एकमत झालं, "स्टोरी भन्नाट, पण प्रिंट एकदम बेकार."

माझंही तेच मत होतं. आणि ते मत दोन वर्षं तसंच राहिलं.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत ठाण्याला मावशीकडे गेले होते. माझ्या मावसदादाला पिक्चरच्या डिस्क जमवायचा नाद आहे. आजच्या काळात कोण डिस्क घेतं, असं मावशी रोज त्याला सुनावते, पण तो ऐकत नाही. त्याच्याकडे ओलेड टीव्ही आहे, पीएस-फाइव्ह आहे, आणि मित्राकडून अमेरिकेहून मागवलेली 'सेव्हन'ची नवी फोर-के डिस्क होती. शेजारी २०१०ची जुनी ब्ल्यू-रेसुद्धा होती. दादा म्हणाला, "बस, आता बघ." लाइट बंद, पडदे बंद. पिक्चर सुरू झाला, आणि बघते तर काय, तेवढाच अंधार! मी म्हणाले, "अरे दादा, एवढे पैसे घालून शेवटी काळोखच बघायचा?" तेवढ्यात मावशी डोकावली आणि म्हणाली, "अरे लाइट तरी लावा, डोळे फुटतील."

दादा हसला. म्हणाला, "तोच तर पिक्चर आहे."

त्या रात्रीपासून एक प्रश्न डोक्यात बसलाय. जुन्या पिक्चरचं 'रिस्टोरेशन' झालं म्हणतात, तेव्हा ते चांगलं झालं की वाईट, हे ठरवायचं कसं? जास्त लख्ख दिसलं म्हणजे चांगलं का? आपण इंजिनीअर होणार आहोत. मोजमापाशिवाय मार्क द्यायचे नाहीत, हे आपल्याला पहिल्या प्रॅक्टिकलपासून शिकवलंय. मग इथे मोजपट्टी कुठली?

आधी थोडं पिक्चरविषयी

ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी सांगते (शेवट सांगणार नाही, घाबरू नका). 'सेव्हन' १९९५चा. डेव्हिड फिंचरचा दुसरा पिक्चर. लेखक अँड्र्यू केव्हिन वॉकर, कॅमेरामन डेरियस खोंजी. एका शहरात, ज्याचं नाव शेवटपर्यंत सांगत नाहीत, सतत पाऊस पडत असतो. रिटायरमेंटला सात दिवस राहिलेला डिटेक्टिव्ह सॉमरसेट (मॉर्गन फ्रीमन) आणि नुकताच बदलून आलेला गरम डोक्याचा मिल्स (ब्रॅड पिट) एका खुन्याच्या मागावर असतात. तो खुनी ख्रिस्ती धर्मातल्या सात महापापांप्रमाणे एकेक खून करत चाललेला असतो.

डिस्कच्या कव्हरवर याला थ्रिलर म्हणतात. पण याचं खानदान 'नॉयर'चं आहे. नॉयर म्हणजे फ्रेंचमध्ये काळा. १९४०च्या दशकात अमेरिकेत निघालेल्या काळोख्या गुन्हेपटांना फ्रेंच समीक्षकांनी हे नाव दिलं. ओले रस्ते, खिडकीच्या पट्ट्यांतून येणारा उजेड, थकलेला डिटेक्टिव्ह, आणि जिंकूनही हरणारा माणूस. तोच बाज पुढे रंगीत पिक्चरमध्ये आला तो निओ-नॉयर. 'सेव्हन'मध्ये त्यात हॉररही मिसळलाय. ज्यांनी पलंगावरच्या माणसाचा सीन बघितलाय त्यांना मी काय म्हणतेय ते कळेल. आमच्या कॉमन रूममध्ये त्या वेळी जी किंकाळी उठली, ती ऐकून रेक्टर मॅडम खाली आल्या होत्या.

मुद्दा काय, तर या पिक्चरमध्ये अंधार हे एक पात्र आहे. पहिल्या खुनाच्या घरात दोघं टॉर्च घेऊन शिरतात. दिवसाची वेळ, पण आत मिट्ट काळोख. टॉर्च जिथे पडेल तेवढंच आपल्याला दिसतं. बाकीचं आपण मनात भरतो, आणि आपण जे भरतो ते पडद्यावर दाखवता येईल त्याहून भयानक असतं. तिथे ब्राइटनेस वाढवणं म्हणजे रहस्यकथेचं शेवटचं पान आधी वाचण्यासारखं आहे.

चांदीची गोष्ट

आता जरा केमिस्ट्री. घाबरू नका, वायवा नाही.

रंगीत फिल्म धुताना प्रत्येक थरात दोन गोष्टी तयार होतात. एक रंग, आणि त्याच्याबरोबर बारीक चांदीचे कण. नेहमीच्या पद्धतीत 'ब्लीच' नावाची पायरी असते. ती त्या चांदीचं रूपांतर विरघळणाऱ्या रूपात करते, पुढच्या पायरीत ती धुऊन निघते आणि मागे फक्त रंग राहतात. लॅबवाले ती चांदी परत मिळवतात, तिला किंमत असते. पण समजा, ब्लीचची पायरी गाळली किंवा कमी केली, तर चांदी फिल्मवरच राहते. म्हणजे रंगीत चित्रावर एक कृष्णधवल चित्र चढवल्यासारखं होतं. काळा आणखी गडद होतो, रंग फिके पडतात, चित्र खरखरीत दिसतं.

'सेव्हन'च्या काही प्रिंट्सवर ही चांदी ठेवायची प्रक्रिया केली होती. काहीच प्रिंट्सवर, कारण खर्च जास्त. बाकीच्या थिएटरांत साध्या प्रिंट गेल्या. म्हणजे बघा, १९९५ सालीच एका गावातल्या माणसाने वेगळा 'सेव्हन' बघितला आणि दुसऱ्या गावातल्याने वेगळा! मग 'ओरिजिनल' कुठला म्हणायचा?

इथेच रिस्टोरेशनची पहिली गोम आहे. नवी डिस्क करताना थिएटरची प्रिंट स्कॅन करत नाहीत, मूळ कॅमेरा निगेटिव्ह स्कॅन करतात. 'सेव्हन'चं निगेटिव्ह एट-के स्कॅन करून, फिंचरच्या देखरेखीखाली नवं फोर-के मास्टर केलं गेलं. एप्रिल २०२४मध्ये हॉलिवुडच्या टीसीएल चायनीज थिएटरमध्ये ते पहिल्यांदा दाखवलं, आणि जानेवारी २०२५मध्ये आयमॅक्सच्या पडद्यावर आणि डिस्कवर आलं. पिक्चरला तीस वर्षं होत होती म्हणून.

निगेटिव्हमध्ये प्रिंटपेक्षा खूप जास्त माहिती असते. आपल्या भाषेत सांगायचं तर निगेटिव्ह म्हणजे रफ बुक. त्यात सगळी रीडिंग्ज असतात, खोडलेलीसुद्धा. प्रिंट म्हणजे फेअर जर्नल. कुठलं ठेवायचं, कुठलं गाळायचं हे ठरवून मग ते उतरवलेलं असतं. खोंजी आणि फिंचरने अंधारात काय दिसू द्यायचं नाही, हे प्रिंटकडे बघून ठरवलं होतं. आता रफ बुक हातात आलंय म्हणून सगळंच फेअरमध्ये उतरवलं, तर माहिती वाढेल, पण जर्नल बिघडेल.

म्हणून माझी मोजपट्टी ही, की नवी डिस्क त्या फेअर जर्नलच्या किती जवळ जाते? माझा टीव्ही किती भारी दिसतो, हा प्रश्न वेगळा, आणि तो शोरूममध्ये विचारायचा.

कसोटी पहिली : काळा

दादाने टॉर्चचा सीन दोन्ही डिस्कवर पाठोपाठ लावला. जुन्या ब्ल्यू-रेवर अंधार आहे, पण कोटाच्या काळ्यात आणि भिंतीच्या काळ्यात फरक करताना डोळे ताणावे लागतात. नव्या डिस्कवर कोट काळा, भिंत काळी, पण दोन्ही काळे वेगळे. तरीही काळेच! कुठेही 'बघा बघा, इथे काय लपलंय' असा आगाऊपणा नाही.

यामागचं गणित सोपं आहे. ब्ल्यू-रेमध्ये प्रत्येक रंगाला आठ बिट, म्हणजे २५६ पायऱ्या. फोर-के डिस्कवर दहा बिट, म्हणजे १०२४. उजेडाच्या सीनमध्ये हा फरक पटकन कळत नाही. पण अंधारात सगळा खेळ खालच्या थोड्याशा पायऱ्यांवर चाललेला असतो. पायऱ्या कमी पडल्या की भिंतीवर पट्टे उठतात. त्यात आमच्या पेनड्राइव्हवाल्या कॉपीसारखी फाइल दाबून दाबून लहान केली, तर कॉम्प्रेशन सगळ्यात आधी अंधारातलाच तपशील उडवतं, कारण 'इथे कोण बघतंय' असं त्या गणिताला वाटतं. फोर-के डिस्कचा डेटा रेट सेकंदाला शंभर मेगाबिटच्या वर जाऊ शकतो. फोर-के स्ट्रीमिंग साधारण पंधरा-पंचवीसवर भागवतं. तेव्हा मोबाइलवर बघून "प्रिंट बेकार" म्हणायच्या आधी जरा विचार करा. मी नव्हता केला.

मार्क : २५ पैकी २३.

कसोटी दुसरी : रवा

फिल्मवर जे बारीक बारीक कण हलताना दिसतात त्याला इंग्लिशमध्ये ग्रेन म्हणतात. मराठीत काय म्हणायचं ते मला येईना (कॉन्व्हेंटची कृपा). आजीला समजावून सांगितलं, तर ती म्हणाली, "म्हणजे रवाळ म्हण की! चांगल्या तुपासारखं." आजी जिंदाबाद. तूप रवाळ असतं म्हणजे ते खराब नसतं. नीट कढलं की तसंच होतं.

आपल्यापैकी बऱ्याच जणांना ग्रेन म्हणजे नॉइज वाटतो. मलाही वाटायचा. सिग्नल्सच्या तासाला आपण शिकतो की नॉइज सिग्नलच्या बाहेरून येतो, तो काढला की सिग्नल शुद्ध होतो. पण फिल्मवर चित्र मुळात कणांनीच बनलेलं असतं. कण काढले की मागे शुद्ध चित्र राहत नाही, चित्राचाच काही भाग जातो. लो-पास फिल्टर लावल्यावर नॉइजबरोबर कडाही जातात, तसं. मग कडा गेल्या म्हणून शार्पनिंग लावायचं, आणि शेवटी माणसं मेणाच्या पुतळ्यांसारखी दिसायला लागतात.

हे मी मनाचं सांगत नाही. २०१०मध्ये 'प्रेडेटर'ची एक ब्ल्यू-रे आली होती. त्यात ग्रेन इतका घासून काढला होता की आर्नोल्डची कातडी प्लास्टिकची वाटते, आणि ती डिस्क आजही लोक वाईट उदाहरण म्हणून दाखवतात. अलीकडे २०२४मध्ये जेम्स कॅमेरॉनच्या 'एलियन्स' आणि 'ट्रू लाइज'च्या फोर-के डिस्क आल्या, तेव्हाही याच कारणावरून भांडणं झाली. चित्र सॉफ्टवेअरने इतकं तासलेलं, की फिल्मवर काढलेलं वाटेचना. आणि गंमत म्हणजे या कामाला खुद्द दिग्दर्शकाचा आशीर्वाद!

'सेव्हन'मध्ये रवा आहे. पण मला तो जरा जास्तच शिस्तीत बसवलेला वाटला. २०१०च्या डिस्कवर तो मोकळा खेळतो, इथे पीटीच्या तासाला उभा केल्यासारखा आहे. चेहरे मेणाचे झालेले नाहीत. फ्रीमनच्या कपाळावरची प्रत्येक आठी जागेवर आहे. पण ज्या पिक्चरची शीर्षकंच हाताने ओरखडे काढून बनवली, त्याच्या अंगावर थोडी खरखर अजून असती तर बिघडलं नसतं.

मार्क : २५ पैकी १८.

कसोटी तिसरी : रंग आणि उजेड

एचडीआर नावाचं जे प्रकरण आहे, त्याचा मोह फार वाईट. थिएटरच्या पडद्यावर पांढऱ्यात पांढरा भाग साधारण ४८ निट एवढा उजळ असतो. आजचा एचडीआर टीव्ही शेकडो निट सहज फेकतो. म्हणजे १९९५ साली कुठल्याही थिएटरात कुणीही बघितली नसेल एवढी लख्ख ट्यूबलाइट आज दाखवता येते. आणि येते म्हणून दाखवणारे खूप आहेत.

इथे मात्र हात आखडता ठेवलाय. लायब्ररीचा सीन बघा. रात्री सॉमरसेट एकटा वाचत बसलाय, वर गार्ड लोक पत्ते खेळतायत, बाखचं संगीत चाललंय, टेबलांवर हिरव्या शेडचे दिवे. ते दिवे मंदच आहेत, डोळ्यांत घुसत नाहीत. खुन्याच्या घरातला लाल उजेडही अंगावर येतो, पण भडकत नाही. अख्खा पिक्चर असा दबून चालतो. आणि मग शेवटी पाऊस थांबतो. उघडं माळरान, हाय-टेन्शन लाइनचे टॉवर, वर रखरखीत ऊन. तिथे पहिल्यांदा एचडीआर आपली ताकद दाखवतो. मी खरंच डोळे बारीक केले. दोन तास अंधारात राहून माणूस उजेडात आला की त्याला बरं वाटायला हवं. इथे पोटात गोळा येतो. फिंचरला हेच हवं असणार.

मार्क : २५ पैकी २२.

कसोटी चौथी : प्रामाणिकपणा

आता भांडणाचा विषय.

निगेटिव्ह इतक्या बारकाईने स्कॅन केल्यावर एक घोटाळा झाला, असं फिंचरनेच सांगितलं होतं. सेटवर खिडकीबाहेर पांढरा पुठ्ठा लावला होता. प्रिंटवर तो भाग जळून पांढराफेक दिसायचा, त्यामुळे बाहेर दिवस आहे असं वाटायचं. एचडीआरमध्ये तो पुठ्ठा पुठ्ठाच दिसायला लागला! मग तिथे कॉम्प्युटरने बाहेरचं दृश्य भरावं लागलं. फिंचरचं म्हणणं असं, की तीन-पाच टक्के दुरुस्ती ठीक आहे, पिक्चर मुळातूनच बदलायला त्याचा विरोध आहे. आणि त्याने टोमणा कुणाला मारला तेही उघड आहे. २००२ साली स्पीलबर्गने 'ई.टी.'च्या नव्या आवृत्तीत पोलिसांच्या हातातल्या बंदुका काढून वॉकी-टॉकी दिले होते. पुढे त्यालाच त्याचा पश्चात्ताप झाला.

माझी रूममेट म्हणते, "त्याचा पिक्चर आहे, तो काय वाट्टेल ते करेल. तुला काय त्रास?" वरवर बरोबर आहे. पण पिक्चर एकट्या दिग्दर्शकाचा असतो का? १९७१च्या 'फ्रेंच कनेक्शन'ची २००९मध्ये ब्ल्यू-रे आली. दिग्दर्शक विल्यम फ्रीडकिनने रंग पार बदलून टाकले. कॅमेरामन ओवेन रॉइझमन इतका भडकला की त्याने जाहीरपणे त्या कामाचे वाभाडे काढले. पुढे २०१२मध्ये ती डिस्क नव्याने करावी लागली. म्हणजे दिग्दर्शकाची सही आहे म्हणून काम बरोबर, हे गृहीत धरता येत नाही.

आपल्याकडेही हा प्रश्न येऊन गेलाय. २००४मध्ये 'मुगल-ए-आझम' पूर्ण रंगीत करून थिएटरात लावला. के. आसिफ १९७१मध्येच गेले होते. त्यांनी पिक्चरचा काही भाग रंगीतच काढला होता, त्यामुळे त्यांना आवडलं असतं असं काही जण म्हणतात. आवडलंही असतं कदाचित. पण विचारणार कुणाला? माझ्या बाबांच्या पिढीला दोन्ही ठाऊक आहेत. माझ्या वयाच्या मुलामुलींनी मात्र रंगीतच बघितलाय, आणि त्यांना तोच मूळ वाटतो. एकदा नवी आवृत्ती सगळीकडे पसरली की जुनी मागायला कुणी उरत नाही. स्ट्रीमिंगवर तर मास्टर बदललं तरी कळत नाही. काल जो पिक्चर बघितला तो आज तोच आहे, याची खात्री कोण देणार?

खिडकीबाहेरचा पुठ्ठा झाकायला माझी हरकत नाही. तो प्रिंटवर दिसायचा नाहीच, त्यामुळे तो झाकणं म्हणजे फेअर जर्नलच्या जवळच जाणं झालं. माझी तक्रार वेगळी आहे. नव्या डिस्कवर जुनी आवृत्ती नाही, आणि कुठे कुठे काय बदललं याची साधी यादीसुद्धा नाही. आपण असाइनमेंटमध्ये एक रीडिंग खोडलं तर सर शेजारी सही मागतात. मग इथे का नको? आणि हे अशक्य नाही. दुसरा एक निओ-नॉयर, 'ब्लेड रनर', २००७मध्ये एका डब्यात पाच आवृत्त्यांसकट आला होता. दिग्दर्शकाची आवडती 'फायनल कट' होतीच, शिवाय थिएटरमध्ये लागलेल्याही होत्या. ज्याला जी हवी ती त्याने बघावी. याला म्हणतात मोठं मन.

'सेव्हन'च्याच बाबतीत दुःख जास्त होतं, कारण २०००मध्ये त्याची जी दोन डिस्कची डीव्हीडी आली, तिच्यात घरी बघायची आवृत्ती कशी तयार केली, रंग कसे बसवले, हे उघडपणे दाखवलं होतं. पंचवीस वर्षांपूर्वी जो माणूस वर्कशॉपचं दार उघडून आत बोलावत होता, तोच आता दार लोटून काम करतोय.

मार्क : २५ पैकी १३. काठावर पास.

निकाल

बेरीज करा. शंभरातले ७६. फर्स्ट क्लास विथ डिस्टिंक्शन. काळा जपला, उजेड आवरला, रवा थोडा दाबला, आणि दुरुस्तीचा हिशोब दिला नाही. ज्याच्याकडे सोय असेल त्याने ही डिस्क जरूर बघावी. ज्याच्याकडे जुनी ब्ल्यू-रे असेल त्याने ती अजिबात विकू नये. दादाला मी तेच सांगितलं. तो म्हणाला, "आईला सांग."

आता शेवटचं, आपल्या हॉस्टेलपुरतं. कॉमन रूममध्ये नवा टीव्ही आलाय. त्याचा पिक्चर मोड 'व्हिव्हिड'वर आहे. त्यात निळा वाढवलेला असतो, शार्पनेस वाढवलेला असतो, आणि 'मोशन स्मूदिंग' चालू असलं की चोवीस फ्रेमचा पिक्चर डेली सोपसारखा दिसतो. मेनूमध्ये जाऊन मोड 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' करा, मोशन स्मूदिंग बंद करा. दोन मिनिटांचं काम आहे, रिमोट रेक्टर मॅडमच्या कपाटात असतो. आणि रात्रीचा पिक्चर असेल तेव्हा ट्यूबलाइट बंद ठेवायची परवानगी द्यावी, ही मॅडमना नम्र विनंती. अभ्यासाचं कुणाचंही नुकसान होणार नाही, अंधारात तसंही कुणी वाचत नाही.

मोठ्या कंपन्या काय करतात ते आपल्या हातात नाही. पण त्या शनिवारी अंधार पुसला तो कुठल्या कंपनीने नव्हता पुसला, आम्हीच पुसला होता. ब्राइटनेसचं बटण माझ्याच हातात होतं.

म्हणून पुढच्या टर्मला 'सेव्हन' पुन्हा लावू या. या वेळी कुणी मागून ओरडलं, "काही दिसत नाहीये", तर तिला सांगायचं, थोडा वेळ बस. डोळे सरावतील. मग दिसेल.